छत्तीस खाचा

भाड्याचं घर सोडायला सहा महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हा नणंद-भावजयींनी आधी रीतसर घरंच पाहिली. एका घराची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडायची. दुसऱ्याच्या मोरीतून सतत कुणीतरी खाकरत असल्यासारखा आवाज यायचा. तिसरं बरं होतं, पण पाचव्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. नणंद अठ्ठावीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करत आलेली. तिनं फटीतून आत बॅटरी मारली, दोन मिनिटं डोकावली आणि हात झटकत म्हणाली, "ही आपल्या हयातीत हलायची नाही. चल वहिनी."

नणंदेला सगळे 'पाना' म्हणायचे. हे नाव तिच्या मोठ्या भावानं ठेवलेलं, कारण शाळेत असल्यापासून तिच्या खिशात नट सैल करायचा पाना असायचा आणि घरातली एकही वस्तू तिनं उघडून पाहायची सोडली नव्हती. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची बायको, म्हणजे वहिनी, इस्पितळाच्या औषध विभागातून नुकतीच निवृत्त झालेली. तो गेल्यापासून दोघी एकत्रच राहत. वहिनी मोजूनमापून बोलणारी, पाना तोंडाची टकळी न थांबवणारी. खटके उडायचे, पण बेतानं. वहिनी खरोखर रागावली की 'पाना'ऐवजी 'वन्सं' म्हणायची, आणि मग पाना दोन तास घरात मांजरासारखी दबकून वावरायची.

एका शनिवारी पाना तिला नदीकाठच्या गोदीत घेऊन गेली.

"इथे कशाला?"

"नुसतं बघ."

हे 'नुसतं बघ' वहिनीच्या चांगल्या ओळखीचं होतं. याच शब्दांनंतर मागे आठ दिवस फ्रिज स्वयंपाकघरात सुटा होऊन पडला होता.

गोदीच्या टोकाला ओंडक्यांवर एक लाकडी बोट टेकवलेली होती. बेचाळीस फूट लांब, तेरा फूट रुंद, पोटात गोल, आणि वर जवळजवळ पूर्ण लांबीची बुटकी केबिन. अकरा वर्षं तिनं पाणी पाहिलं नव्हतं. पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटला होता. लाकडी बोटी दुरुस्त करणारा गोदीतला म्हातारा मिस्त्री तळाशी वाकून हातोडीच्या दांड्यानं एकेक फळी वाजवत चालला होता. खणखणीत वाजली की पुढे, भद्द वाजली की खडूची फुली.

"नऊ फळ्या बदलाव्या लागतील," तो शेवटी म्हणाला. "बाकी तुमच्यापेक्षा जास्त जगेल."

"आमच्या दोघींपेक्षा?" वहिनीनं विचारलं.

"दोघींच्या बेरजेपेक्षा."

"आणि याआधी ही काय काम करायची?"

मिस्त्रीनं खांदे उडवले. "शेवटची वीस वर्षं सिमेंटच्या गोण्या वाहायची. त्याआधीचं कोणाला ठाऊक? बोटीचा जन्मदाखला कोण मागतो?"

वहिनीनं 'हो' म्हटलं नाही. घरी जाताना तिनं फक्त एवढं विचारलं, की तिचं औषधांचं काचेचं कपाट त्या बुटक्या केबिनमध्ये उभं राहील का. पानानं तोच होकार धरला आणि त्याच संध्याकाळी कपाटाची उंची मोजली. चार बोटं जास्त भरली. तिनं कपाटाचे पाय कापायचं ठरवलं आणि ते मात्र वहिनीला सांगितलं नाही.

कामं वाटून घेतली. फळ्या मिस्त्रीच्या. इंजिन, वायरिंग, पाण्याच्या टाक्या पानाच्या. केबिनच्या भिंतींवरचा जुना रंग खरवडण्याचं किचकट काम वहिनीकडे आलं, कारण, पाना म्हणाली, "तुला घाई नसते." गरम हवेच्या यंत्रानं रंग फुगवायचा आणि पात्यानं सोलायचा. वहिनी सकाळी नाकाला फडकं बांधून बसायची ती दुपारी उठायची. पांढऱ्याखाली राखाडी निघाला, राखाडीखाली पुन्हा पांढरा, आणि त्याखाली, चौथ्या दिवशी, पातं एका जागी अडकलं.

मांडीच्या उंचीवर भिंतीत लाकडाची एक छोटी चिप ठोकलेली होती. चार बोटं लांब, बोटभर उंच. वहिनीनं पटाशीनं ती उचकटली. आरपार खाच होती. बाहेरच्या उन्हाची पट्टी तिच्या गुडघ्यावर पडली.

हातभर अंतरावर दुसरी सापडली. मग तिसरी. आठवडा संपेस्तोवर एका बाजूला अठरा आणि दुसऱ्या बाजूला अठरा, अशा छत्तीस खाचा तिनं मोजल्या होत्या. जमिनीवरही, भिंतीला समांतर, बोल्टांच्या भोकांच्या रांगा होत्या. कधीकाळी तिथे लांबलचक मांडणी घट्ट बसवलेली असणार.

"बंदुका!" पाना इंजिनाच्या खड्ड्यातून डोकं वर काढत म्हणाली. "सैन्याची बोट असणार."

"मांडीच्या उंचीवरून? नेम धरायला झोपावं लागेल."

"मग झोपत असतील."

मिस्त्रीचं म्हणणं, हवेसाठी असतील. पण हवेची भोकं कुणी खाली ठेवत नाही, वर ठेवतात, हे त्याचं त्यालाच पटलं. गोदीच्या रखवालदारानं कोंबड्या सांगितल्या. वहिनीनं वहीत लिहिलं: 'कोंबडी. मान जाणार नाही.' कागदी पाकीट घालून पाहिलं, ते गेलं; पण टपालाची पेटी कुणी मांडीएवढ्या उंचीवर छत्तीस वेळा का करेल?

मग तिनं बाहेरच्या बाजूचा रंग खरवडला, आणि कोडं सुटायचं सोडून वाढलं. सगळ्यात तळच्या थरात प्रत्येक खाचेच्या वर एक खूण रंगवलेली होती. एकीवर निळा त्रिकोण, शेजारी पिवळा गोल, मग काळी फुली, पांढरा चौकोन, निळे दोन पट्टे. शेजारशेजारच्या कोणत्याही दोन खुणा सारख्या नव्हत्या. आणि खुणेच्या खाली, खाचेला लागून, तळहाताएवढी पट्टी कधीतरी करवतीनं कापून टाकल्याचा व्रण होता.

"अक्षरओळख नसलेल्यांसाठी असेल," वहिनी म्हणाली. "पण पाना, एक बघितलंस का? लाल कुठेच नाही."

"संपला असेल डबा."

"छत्तीस खुणांत एकदाही लाल नाही. बोटीवर तर लाल रंग आधी येतो."

पानानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. घर पाहताना जी बाई 'तुला आवडलं तर घे' म्हणून खिडकीतून बाहेर बघत बसायची, तिच्या केसांत आता रंगाचे कपचे होते आणि डोळे लखलखत होते.

खाचांच्या कडांना एक तपकिरी, चिकट थर होता. वहिनीनं तो नखानं काढला, हुंगला, चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरला. मऊ झाला. गार पाण्यात टाकला तर काचेसारखा तडकला. स्पिरिटमध्ये पिवळसर विरघळला. चाळीस वर्षं बाटल्या हुंगण्यात गेलेल्या त्या नाकाला एवढं कळलं, की ही झाडाची राळ आहे, पण सरळ झाडावरून आलेली नाही. कुणीतरी मधे हात लावला आहे.

"कुणी?" पानानं विचारलं.

"तेच तर."

इथवर गंमत होती. पण घर सोडायची तारीख जवळ आली, तशी पानाची गंमत आटली. नऊच्या नऊ फळ्या बसल्या होत्या. स्वयंपाकाचा ओटा उभा होता, शेगडी जोडली होती, मागच्या बाजूला नहाणी झाली होती. राहिल्या होत्या भिंती. आतून थंडी-ऊन अडवणारं जाड अस्तर लावायचं, त्यावर प्लायवुड ठोकायचं, मग कपाटं. आणि वहिनी भिंती झाकू देईना. उलट तिनं छत्तीसच्या छत्तीस चिपा काढून ठेवल्या होत्या.

"घर करतोय की चाळण?" पाना शेवटी कडाडली. "पंधरा दिवसांत सामान येतंय. तुला वारा खात झोपायचंय का?"

"एकदा झाकल्या की परत कोण उघडणार? थोडं थांब."

"कशासाठी? कळलं तर काय होणार आहे? भिंत तीच, बोट तीच."

"तू भावाचं घड्याळ अकराव्या वर्षी उघडलंस, तेव्हा काय होणार होतं?"

"तेव्हा मी अकरा वर्षांची होते!"

"वन्सं," वहिनी शांतपणे म्हणाली, "मला आठ दिवस द्या."

'वन्सं' ऐकल्यावर पाना निमूटपणे वायरिंगकडे वळली. आठ दिवस दिले.

सहाव्या दिवशी दुपारी केबिनमध्ये एक मधमाशी आली. वहिनी उपड्या बादलीवर बसून वही चाळत होती. दार सताड उघडं होतं, तरी माशी निळ्या त्रिकोणाच्या खाचेतून शिरली. कडेवरून चालत गेली, तपकिरी थराशी थबकली, आत भिंतीवर थोडं फिरली, बाहेर गेली. थोड्या वेळानं दोन आल्या. मग सात-आठ. त्या फुलावर येतात तशा घाईच्या नव्हत्या. कोपरे बघत होत्या, छताची उंची जणू मोजत होत्या, खाचेतून आत-बाहेर करत होत्या.

"पाना," वहिनीनं हळूच हाक मारली, "या माश्या घर बघायला आल्यासारख्या वागताहेत."

"मग त्यांना सांग, इथे लिफ्ट नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला गोदीवर अचानक गुणगुण भरली. मिस्त्री रंधा टाकून उभा राहिला. नदीच्या अंगानं एक काळपट ढग, खोलीएवढा, डोक्यावरून आला आणि बोटीभोवती फिरू लागला. पाना, जी बारा मजली खोल पोकळीत एका दोरावर लोंबकळत काम करायची, तिनं "अगं आई गं!" म्हणून थेट इंजिनाच्या खड्ड्यात उडी घेतली आणि वरून फळी ओढून घेतली.

वहिनी बादलीवर बसून राहिली. हलली नाही. हजारो माश्या पाच-सहा खाचांतून रांगेनं आत येत होत्या आणि छताच्या कोपऱ्यात एकमेकींना धरून लोंबत होत्या. बघता बघता तिथे उशीएवढा जिवंत गोळा झाला. एक माशी तिच्या मनगटावर उतरली, चालली, उडून गेली. भीती वाटत होती. पण उठले तर पुढचं दिसणार नाही, ही भीती जास्त होती, असं ती नंतर म्हणाली.

"वहिनी!" फळीखालून आवाज आला. "जिवंत आहेस का?"

"आहे. ओरडू नकोस. खाचा त्यांच्या आहेत."

"काय?"

"खाचा माश्यांच्या आहेत!"

मिस्त्रीच्या ओळखीचा एक मधपाळ होता. तो शाळेची बस चालवायचा आणि उरल्या वेळात मधमाश्या पाळायचा. मुलांना सोडून तो तसाच गणवेशात आला. एका हातात जाळीची टोपी, दुसऱ्या हातात लाकडी पेटी. केबिनच्या दारात आला आणि माश्यांकडे न बघता भिंतींकडेच बघत राहिला. मग बाहेर जाऊन खुणा पाहून आला. मग टोपी बाजूला ठेवून जमिनीवरच बसला.

"ताई, ही बोट तुम्हाला कुठे मिळाली?"

"इथेच. का हो?"

"माझी आत्या सांगायची. आम्ही म्हणायचो, म्हातारी फेकतेय." त्यानं अठरा खाचांवरून हात फिरवला. "प्रत्येक खाचेमागे एक मधपेटी. आत दोन्ही बाजूंना मांडणी. नदीच्या वरच्या अंगाला फुलोरा उशिरा येतो ना, म्हणून फुलोऱ्यामागे बोट वर न्यायची. दिवसा काठाला थांबायचं, माश्या चरून यायच्या. अंधार पडला की पुढे."

वहिनीनं वही उघडली होती. "आणि या खुणा?"

"आपापली पेटी ओळखायला. छत्तीस दारं सारखी असली तर माशी दुसरीच्या घरात शिरते, मग मारामारी. आणि खाली कापलेली पट्टी दिसते ना, ती माशीला उतरायची पायरी."

"मग लाल का नाही?"

मधपाळ हसला. "माशीला लाल दिसत नाही. तिला तो अंधारासारखा. रंग वाया कोण घालवणार?"

वहिनीनं पेन खाली ठेवलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं हसली, आणि ते हसू ऐकून पाना फळी सरकवून वर आली. चेहऱ्यावर ग्रीसचे पट्टे होते. तपकिरी राळही माश्यांचीच निघाली. झाडांचा चीक गोळा करून त्या भेगा बुजवतात. "त्याच वासानं आल्या असणार," मधपाळ म्हणाला. "तुम्ही रंग काढलात, ऊन तापलं, वास सुटला. त्यांना वाटलं, घर रिकामं आहे."

त्यानं गोळा हळुवारपणे पेटीत झटकला, उरलेल्यांची वाट बघत तासभर थांबला आणि जाताना म्हणाला, की आत्या अजून आहे. सत्त्याऐंशी वर्षांची, पण कान-डोळे शाबूत. आणू का?

पाना काही बोलण्याआधी वहिनी "उद्याच आणा" म्हणाली.

आत्या आली ती पुतण्याच्या हाताला धरून, पण पायऱ्या चढताना तिनं तो हात सोडवून घेतला. वहिनीनं खुर्ची मांडून ठेवली होती, भिंतीसमोर, खाचा दिसतील अशी. आत्यानं खाचांकडे एक नजर टाकली, "हं" म्हणाली आणि सरळ ओट्याकडे गेली.

"ही शेगडी इथेच पेटते? आत?"

"हो. चिमणी आहे ना वर," पाना म्हणाली.

"आणि पाणी?"

पानानं नळ सोडून दाखवला. आत्यानं तो स्वतः तीनदा सोडला, बंद केला. मग नहाणी पाहिली, दिवे लावून पाहिले, पलंगावर बसून उसळून पाहिलं. वहिनी मागे मागे वही घेऊन.

"आत्या, तुमचीच का हो ही बोट?"

आत्या विचारात पडली. "आमची मोठी होती." केबिनभर नजर फिरवून म्हणाली, "की मीच लहान होते? सांगता येत नाही बाई. अशा चार-पाच असायच्या."

"तुम्ही कुठे झोपायचात?"

"मागे. तुमची नहाणी आहे ना, तेवढ्यात पाच माणसं. मला तर सगळा उन्हाळा कुठे ना कुठे सुजलेलं असायचं. एकदा डोळाच उघडेना. वडील म्हणायचे, माशी आपलं पोट भरते, सोस. आई म्हणायची, पोट भरतं पण वारा शिरतो. रिकाम्या पेट्यांच्या खाचांत ती चिंध्या कोंबायची." तिनं भिंतीवर टकटक केलं. "या अजून उघड्या का ठेवल्यात? झाका की."

वहिनी अवघडली. "मला वाटलं, जुनं आहे, तुम्हाला बघायला आवडेल."

"मी पाहिलंय ते," आत्या म्हणाली. "हा नळ नव्हता पाहिला."

पाना खो खो हसत सुटली. वहिनीही हसली, पण जरा उशिरा. आत्यानं जाण्याआधी मात्र एक केलं. बाहेर येऊन ती खुणांसमोर उभी राहिली आणि बोटानं एकेक ओलांडत, "गोल, फुली, चौकोन…" असं पुटपुटत टोकापर्यंत चालत गेली. काही ओळखलं का, हे वहिनीनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं स्वतः अस्तर कापलं. आतून भिंती झाकल्या, प्लायवुड ठोकलं. बाहेरच्या खाचांत मिस्त्रीनं नव्या चिपा बसवल्या. बोटीला पाना हिरवा रंग देणार होती. तिनं खुणांच्या भोवती पट्टी चिकटवून तेवढ्या छत्तीस जागा सोडल्या. सांगितलं कुणी नव्हतं. "चार थर काढल्यावर सापडल्यात, कोण पुन्हा खरवडणार," एवढंच म्हणाली. कपाटाचे पाय कापलेले वहिनीच्या लक्षात आले तेव्हा दोन तासांचं 'वन्सं' झालं, पण कपाट बसलं चपखल.

बोट पाण्यात सोडली त्या सकाळी वहिनीनं जमिनीखालची फळी उचलून पाहिली. नऊ नव्या फळ्यांतून नव्हे, जुन्या सगळ्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं.

"मिस्त्री! बुडतेय ही!"

मिस्त्री धक्क्यावर बसून भाकरीचा तुकडा मोडत होता. "बुडत नाही, पितेय. अकरा वर्षांची तहान आहे. लाकूड फुगलं की सांधे आपोआप मिटतील. पंप चालू ठेवा, आणि तिला पिऊ द्या."

तीन दिवस पंप घरघरत राहिला. पाना दर तासाला खडूनं पाण्याची रेघ ओढायची. वहिनी वेळ लिहायची. पहिल्या दिवशी रेघ वितीनं वर यायची, दुसऱ्या दिवशी चार बोटांनी. चौथ्या सकाळी पंपानं हवा ओढल्याचा कोरडा आवाज केला. पानानं तो बंद केला. दोघी जमिनीवर पालथ्या पडून फळीखाली बॅटरी मारत राहिल्या. लाकूड ओलं, काळं, आणि सांध्यांत कुठे थेंब नाही.

"बाई गं," पाना कुजबुजली, "कसं कळतं तिला कुठे थांबायचं?"

वहिनीला लाकूड आणि पाणी यांविषयी थोडं ठाऊक होतं, ते तिनं सांगितलं. बाकीचं मिस्त्रीला विचारायचं ठरलं. बाकीचं सामान संध्याकाळी यायचं होतं, तोवर इंजिन चालवून बघू, म्हणून पानानं चावी फिरवली. तिसऱ्या झटक्याला धूर ओकून ते सुरू झालं. दोर सोडले. पुलापर्यंत जायचं आणि वळायचं असं ठरवलं होतं. पुलाखालून जाताना आवाज घुमला, दोघींनी वर पाहिलं, दगडांच्या सांध्यांत झुडपं उगवली होती. पुढे नदी डावीकडे वळत होती.

"वळू?" पानानं विचारलं.

वहिनी पुढच्या कठड्याला धरून उभी होती. वळणावर एक जुनं पंपघर दिसत होतं, छपरावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या आणि एक माणूस पाण्याच्या काठी सायकल धूत होता. त्यानं ओला हात वर केला. वहिनीनंही केला.

"सामान किती वाजता येतंय?"

"सहाला."

"मग वेळ आहे," वहिनी म्हणाली, आणि पानानं सुकाणू डावीकडे फिरवलं.